चॅप्लिनची ‘सर्कस’ आणि फुकट वाटलेली चटणी

या आठवड्याच्या व्हिडिओत चार्ली चॅप्लिनच्या ‘द सर्कस’ या मूकपटाबद्दल बोललो. व्हिडिओत किमतीचा मुद्दा घाईत उरकला गेला, तो इथे नीट मांडतो.

१९२८ सालचा हा सिनेमा. पोलीस मागे लागलेत म्हणून पळता पळता चार्ली सर्कशीच्या रिंगणात घुसतो. कंटाळलेलं पब्लिक पोट धरून हसायला लागतं. मालक हुशार. दुसऱ्या दिवशी चार्लीला बोलावतो आणि विदूषकांचे ठरलेले खेळ करून दाखवायला सांगतो. तिथे मात्र चार्ली साफ पडतो. दुसऱ्याने बसवलेली गंमत त्याला जमतच नाही.

पुढे पगार थकला म्हणून सामान हलवणारे गडी काम सोडून जातात आणि चार्लीला त्या कामावर घेतात. हातात ताटल्यांचा ढीग घेऊन तो निघतो, मागे गाढव लागतं, तो थेट रिंगणात! पुन्हा हशा. मालक काय करतो? चार्लीला गड्याच्याच पगारावर ठेवतो आणि खेळ तुझ्यामुळे चाललाय हे त्याला कळू देत नाही. तंबू रोज भरतो. ज्याच्यासाठी भरतो, तो सामान उचलत असतो.

आता आपल्या पुण्यात या. आमच्या एका बॅचला सिंहगड रोडच्या एक ताई होत्या. दुपारचे ४० डबे, ९० रुपयांना एक. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “सर, हातात काही उरत नाही. दिवाळीनंतर बंद करावं म्हणते. दर वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल.” मी म्हटलं, दर राहू द्या, आधी दहा गिऱ्हाइकांना फोन करून विचारा की डब्यात काय नसलं तर चालणार नाही. सात जणांनी एकच उत्तर दिलं: शेंगदाण्याची चटणी. ताईंच्या हिशोबाच्या वहीत चटणीची ओळच नव्हती!

मग वही काढली. एका डब्यात २० ग्रॅम, म्हणजे रोज ८०० ग्रॅम. महिन्याचे २६ दिवस धरले तर २० किलो ८०० ग्रॅम. दाणे, लसूण, तिखट, मीठ मिळून किलोला १८० रुपये, म्हणजे महिन्याला ३,७४४ रुपये खिशातून जात होते. तीच चटणी ४०० रुपये किलोने विकली असती तर ८,३२० रुपये आले असते. कुटण्याची मेहनत यात धरलेलीच नाही, ती आपल्याकडे कुणीच धरत नाही.

सिनेमात चार्लीला खरं सांगते मालकाची सावत्र मुलगी. ते कळल्यावर तो पगार वाढवून घेतो, शिवाय मुलीला मारायचं नाही अशी अटही घालतो. ही अट मला फार आवडते. आपली किंमत कळली की माणूस पैशापलीकडचंही मागू शकतो.

पण सिनेमा तिथे संपत नाही. मुलीचं मन दोरीवरच्या कसरतपटूवर बसतं, चार्ली खचतो आणि लोकांना हसवणंच बंद होतं. एका माणसाच्या मूडवर उभा असलेला धंदा किती टिकणार?

सर्कस म्हटलं की पुणेकरांनी दामू धोत्रे यांना आठवायलाच हवं. १९०२ साली पुण्यात जन्म, लहानपणीच सर्कशीत शिरले आणि १९४० साली थेट अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत. वाघ-बिबट्यांना शिकवणं ही त्यांची विद्या, आणि ती आपली खासियत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोबदला त्या विद्येचा होता. पिंजरे हलवायला माणसं वेगळी असतात.

‘द सर्कस’ बनवताना स्टुडिओला आग लागली, घटस्फोटाच्या खटल्यात शूटिंग महिनोन्‌महिने थांबलं, तरी चॅप्लिनने सिनेमा पुरा केला आणि पहिल्याच ऑस्करमध्ये खास पुरस्कार मिळवला. जिद्दीची ही गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून मी आवरती घेतो.

ताईंनी डबा बंद केला नाही. डब्यातली चटणी १० ग्रॅमवर आणली आणि पाव किलोची बरणी १२० रुपयांना ठेवली. पहिल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकं कुरकुरली, एक सुटलं, बरण्या २३ गेल्या.

तुम्हीही या रविवारी दहा गिऱ्हाइकांना हाच प्रश्न विचारा. उत्तरं वहीत लिहा आणि प्रत्येक उत्तरासमोर तुम्ही त्याचे किती पैसे घेता तो आकडा टाका. जिथे शून्य येईल, त्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.