सांडपाण्यांतील रुपें

जुन्या छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलींतून जें पाणी मोरींत ओतलें जाई, त्यांत रुपें वाहून जात असे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. फिल्मवरील प्रकाश न लागलेलें रुप्याचें लवण ‘हायपो’च्या द्रावणांत विरघळून जातें, क्ष-किरणांच्या फिल्मांचीही हीच गत.

तें परत मिळविण्याची युक्ति मायकेल फॅरडे यांनीं १८३४ सालीं मांडलेल्या नियमांवर आधारलेली आहे. द्रावणांत दोन विद्युदग्रें बुडवून प्रवाह सोडला कीं ऋणाग्रावर रुपें सांचूं लागतें. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारें ४ ग्रॅम रुपें मिळावें. तांबें मात्र सुमारें १.२ ग्रॅमच, कारण त्याचा अणु हलका व त्यास एकाऐवजीं दोन इलेक्ट्रॉन लागतात.

वहींतला हा हिशेब सोपा. खरी अडचण निराळीच. द्रावण विरळ होत जातें तसतसे रुप्याचे आयन ऋणाग्रापर्यंत वेळेवर पोहोंचत नाहींत. घाईनें दाब वाढवावा, तर हायपोच मोडतो व रुप्याच्या सल्फाइडाचा काळा गाळ होतो! म्हणून ऋणाग्र फिरतें ठेवितात आणि शेवटीं प्रवाह कमी करितात. कोठें लोखंडाची लोंकर वापरितात; तिनें रुपें बाहेर पडतें, पण लोखंड पाण्यांत उतरतें, म्हणून ती रीत आम्हांस दुय्यम वाटते.

आमच्या विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखत मोरचुदाच्या फिकट द्रावणांत जुन्या बॅटरींतील दोन कोळशाच्या कांड्या घालून पाहावें. ऋणाग्रावर तांबूस थर चढतो, आणि निळा रंग हळूहळू फिका पडतो.