बिडी सुटल्यावरचे बारा आठवडे

बिडी किंवा सिगारेट सोडली की भूक खवळते. जिथं एका भाकरीवर भागत होतं तिथं दोन जातात, जेवण झाल्यावर गोड खावंसं वाटतं आणि महिना-दोन महिन्यांत पँट कमरेत आवळायला लागते. निकोटीन भूक मारतं आणि माणूस नुसता बसून असला तरी शरीराला थोडी जास्त ऊर्जा खर्चायला लावतं. ते बंद झालं की दोन्ही गोष्टी उलट्या होतात. सोडणाऱ्यांचं वजन पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वाढतं, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच. ‘सोडल्यावर पोट सुटलं, त्यापेक्षा ओढत होतो तेच बरं’ असं म्हणून पुन्हा बंडल खिशात ठेवणारी माणसं गावोगाव आहेत.

म्हणून पुढची बारा आठवड्यांची कृती वजन उतरवण्याची नाही. सुटलेली बिडी सुटलेलीच राहावी, मग दम परत यावा, आणि तेवढ्यात वजन फार चढू नये, असा हिचा क्रम आहे. पहिले तीन महिने उपास करून वजन कमी करायच्या मागे लागू नका. उपाशीपोटी तलफ जास्त छळते, चिडचिड वाढते, आणि हात पुन्हा टपरीकडे जातो.

आधी एक चक्कर आरोग्य केंद्राची

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तिशी ओलांडलेल्यांसाठी ही तपासणी तिथं मोफत होते. किती वर्षं ओढत होतात ते डॉक्टरांना खरं सांगा. छातीत दुखत असेल, दोन जिने चढताना थांबावं लागत असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर व्यायामाला हात घालण्याआधी बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालयात जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्या. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल तर तो ‘बिडीचाच’ असं गृहीत धरू नका, थुंकीची तपासणी करा. सोडल्यावर काही दिवस खोकला वाढल्यासारखा वाटू शकतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागून साठलेला कफ वर ढकलतात. पण रक्त पडलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

औषधं चालू असतील तर आणखी एक गोष्ट सांगायची राहू देऊ नका. धुरामुळं यकृत काही औषधं लवकर मोडून टाकत असतं. दम्यासाठीची थिओफायलिनची गोळी त्यातलीच. बिडी बंद झाली की तोच डोस अंगावर येऊ शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखरही हलते. डोस स्वतःच्या मनानं बदलू नका, विचारून बदला. तलफ आवरतच नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात.

बिडीच्या वेळा कागदावर

पहाटे पाचला उठून धावायला जायचं, हा बेत बहुतेकांचा आठवड्यात मोडतो. त्याऐवजी असं करा. तुम्ही बिडी कधी कधी ओढत होतात ते लिहून काढा. बहुतेकांची यादी सारखीच निघते: सकाळचा चहा, जेवणानंतर, संध्याकाळी स्टँडवर, रात्री दारं धरताना. यातल्या तीन-चार वेळा निवडा आणि त्या प्रत्येक वेळेला दहा मिनिटं चाला. पहिले दोन आठवडे एवढाच व्यायाम.

यामागं कारण आहे. तलफेची लाट काही मिनिटांत चढते आणि ओसरते. तेवढा वेळ पाय चालते राहिले तर तलफ उतरते, हे पाहणीत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. दोन ते चार आठवड्यांत जोर बराच कमी होतो.

रात्रीच्या पाण्याचं वेगळं सांगायला हवं. बारामती तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात, वडगाव निंबाळकर, होळ, कोऱ्हाळे, पणदरे अशा गावांत, उसाला पाणी द्यायचं तर पाळीप्रमाणं आणि मोटारीच्या लाइटीप्रमाणं रात्री-बेरात्री जावं लागतं. दार मोडून दुसऱ्या सरीत पाणी सोडलं की ती भरेपर्यंत बांधावर बसायचं, आणि बसलं की पेटवायची. तिथं बसूच नका. पाणी सोडलं की बांधाच्या टोकापर्यंत जाऊन या. पायात बूट, हातात बॅटरी, कारण उसात साप असतो. रात्रभर पाणी दिलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळचं चालणं सोडा आणि झोप पुरी करा. अपुऱ्या झोपेनं भूकही वाढते आणि तलफही.

दिवसा चालायला कालव्याच्या भरावावरचा रस्ता चांगला. नीरा–बारामती रस्ता गळीत हंगामात टाळा. सोमेश्वर आणि माळेगाव कारखान्यांकडे जाणारे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या अंधारातही चालू असतात. जावंच लागलं तर रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं चाला. शेजारच्या फडात पाचट पेटवलं असेल त्या दिवशी वाट बदला. नुकत्याच सावरत असलेल्या फुफ्फुसांना तो धूर नको. उन्हाळ्यात आठच्या आत घरी या.

वेग किती? सोबत्याशी बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणायला गेलात तर दम लागला पाहिजे. दम फार लागला तर थांबा, नाकानं श्वास घ्या, ओठांचा चंबू करून तो हळूहळू सोडा. सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ द्या.

‘दिवसभर शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न येतोच. खुरपणी, तोडणी करणाऱ्या बाईला किंवा गड्याला वेगळं चालायची गरज खरंच कमी आहे. पण ज्याची शेती मोटारसायकलवरून बांधावर जाऊन बघण्याची झाली आहे, फवारणीलाही माणूस लावला जातो, त्यानं हे म्हणू नये. आणि राबणाऱ्यालाही बिडीच्या वेळेचं दहा मिनिटांचं चालणं लागतंच, कारण ते तलफेसाठी आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून ताकद

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. साधनं दोनच: घराचा ओटा आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन.

ओट्याच्या कडेवर बसा. पावलं खांद्याइतकी लांब, टाचा जमिनीला टेकलेल्या. हात समोर धरा, किंचित पुढं झुका आणि हाताचा आधार न घेता उभे राहा. आता मनात तीन मोजत परत खाली या. धपकन बसू नका, कारण सावकाश खाली येण्यानंही ताकद वाढते. गुडघे आत वळायला नकोत. आठ वेळा करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा आठ. गुडघे दुखत असतील तर ओट्याऐवजी उंच खुर्ची घ्या. हे सहज जमायला लागलं की पाण्याचा कॅन छातीशी धरून करा. जुन्या बैठकांकडे जायचा रस्ता इथूनच आहे. पहिल्याच दिवशी पन्नास बैठका मारल्या तर दोन दिवस जिना उतरता येत नाही आणि सगळंच सुटतं.

त्याच्या जोडीला भिंतीला हात टेकून दंड, आठ-दहा. पाठीवर झोपून गुडघे मोडून कंबर वर उचलणं, दहा. कॅन एका हातानं उचलून अंगणात वीस-तीस पावलं चालणं, मग दुसऱ्या हातानं. सगळं मिळून वीस मिनिटं. उचलताना श्वास कोंडू नका. सूर्यनमस्कार येत असतील तर सावकाश तीन घाला. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी कपालभातीसारखे जोराचे श्वास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

छातीवर दाब आला, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, गार घाम सुटला, तर तिथंच बसा आणि १०८ ला फोन करा. ‘पित्त असेल’ म्हणून घरी चालत येऊ नका.

ताटात काय

चहापासून सुरुवात करा, कारण बिडी बहुतेकांची चहाबरोबर असते. धुरामुळं शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर बाहेर टाकत असतं. बिडी थांबली की तेच कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. पूर्वीइतकाच चहा प्यायलात तर छाती धडधडते, झोप लागत नाही, आणि माणसाला वाटतं की हे बिडी सोडल्याचंच. चहा निम्म्यावर आणा, दुपारी तीननंतर बंद. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर होते. गूळही साखरच आहे, आणि उसाच्या गावात रसाचा ग्लास रोज समोर येतो, त्याला आठवड्यातून एकदाच हो म्हणा.

न्याहारी चुकवू नका, आणि चहाच्या आधी करा. भाकरी आणि मटकीची उसळ, किंवा शेंगदाणे घातलेले पोहे आणि एक उकडलेलं अंडं. प्रथिनं पोटात असली की अकरा वाजताची खा-खा होत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. डाळ-उसळ दोन्ही जेवणांत असेल तर बाकीचं भरून निघतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टर सांगतील तितकीच.

दुपारी निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं: शेपू, मेथी, गवार, काकडी, मुळा. सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं, ही तक्रार सर्रास आढळते. त्याला भाजी, साल असलेल्या डाळी, पाणी आणि चालणं, हाच इलाज. रोज एक पेरू खा. धूर ओढणाऱ्याच्या अंगात ‘क’ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं आणि पेरूत ते संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त.

संध्याकाळी सहाला स्टँडवर भजी-वडापावच्या गाड्यापाशी जुनी मंडळी भेटतात, ती वेळ सर्वांत धोक्याची. खिशात फुटाणे ठेवा, किंवा घरी माडगं करून प्या. हुलगे भाजून दळून आणलेलं पीठ डब्यात असू द्या. दोन चमचे पीठ अर्ध्या कप थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवा. कपभर पाण्याला जिरं, ठेचलेला लसूण आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणा, कालवलेलं पीठ धार धरून ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत ते डावाला लागेल इतकं दाट होतं आणि कच्चा वास जातो. वाटीभर गरम माडग्यानं जेवणापर्यंत पोट गप्प बसतं.

तोंडात काहीतरी हवं म्हणून बडीशेप, ओवा, लवंग चालेल. सुपारी नको, ती तंबाखूशिवायही कर्करोग करते. बिडी सोडून तंबाखू-चुना मळायला लागणं म्हणजे सोडणं नव्हेच. याच तालुक्यातल्या काटेवाडीच्या शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि तंबाखूविरुद्ध ते नंतर जाहीरपणे बोलत आले. घरातल्या बायकांची मिश्रीही तंबाखूच आहे. नवरा बिडी सोडत असेल तेव्हा बायकोनं मिश्री सोडली तर संध्याकाळचं चालणं दोघांनी मिळून करता येतं, आणि एकट्यापेक्षा ते जास्त टिकतं.

पाचव्या आठवड्यापासून पुढं

दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे जोडा. आठव्या आठवड्यापर्यंत दिवसाला सलग तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस व्हायला हवीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याची १५० मिनिटं हीच. नवव्यापासून वेग घाला: विजेच्या दोन खांबांमधलं अंतर भरभर, पुढचे दोन खांब सावकाश, असं सहा वेळा. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला येते, तिथं मेंढ्यांचं रिंगण होतं. दोन-अडीच तासांची ती चाल पालखीबरोबर करायची, असं ध्येय ठेवलं तर बाराव्या आठवड्यानंतरही पाय थांबत नाहीत.

वजन पंधरा दिवसांतून एकदाच करा. कंबर दोरीनं मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० ही आपल्याकडची धोक्याची रेषा. तीन महिन्यांनी रक्तदाब आणि साखर पुन्हा तपासा. कंबर वाढलेली असेल तर आता कमी करायला घ्या: रात्रीच्या जेवणात एक भाकरी कमी, एक वाटी भाजी जास्त, तेल निम्मं.

मध्येच एखाद्या लग्नात कुणी आग्रहानं सिगारेट हातात दिली आणि ओढली गेली, तर दुसऱ्या दिवशी नवा मुहूर्त शोधत बसू नका. त्याच रात्री मांडवातून निघा, गाडी लावली असेल तिथपर्यंत लांबच्या वाटेनं चालत जा, सकाळी न्याहारी वेळेवर करा आणि चालू आठवड्याचा व्यायाम जिथं होता तिथून पुढं न्या. पुन्हा पहिल्या आठवड्यावर यायची गरज नाही.