परसबागेतील शेपू : वाणाची निवड व घरचे बी

भोर व वेल्हे भागांत पाऊस उघडून भातकापणी आटोपली, की परसात भाजीचे वाफे धरले जातात. त्यांत मेथी-कोथिंबिरीच्या जोडीने शेपूही असावा. मात्र तो पुरेसा पाला धरण्यापूर्वीच फुलोऱ्यावर येऊ लागला, तर सर्व दोष जमिनीचा समजू नये. ऊन व पाण्याचा ताण ही कारणे आहेतच; परंतु पुष्कळदा दोष बी धरण्याच्या रीतीत असतो.

भाजीसाठी दाट पाल्याची रोपे प्रथम खुडली जातात व लवकर फुललेली रोपे वाफ्यात उभी राहतात. पुढे त्यांचेच बी ठेवले जाते. अशा रीतीने दरवर्षी लवकर फुलणाऱ्या रोपांचीच नकळत निवड होते.

शेपूचे देशी व युरोपीय असे दोन मुख्य प्रकार आहेत. अजमेर येथील राष्ट्रीय बीजीय मसाले संशोधन केंद्राचे ‘अजमेर डिल-१’ (युरोपीय) व ‘अजमेर डिल-२’ (देशी) हे वाण मुख्यतः बियांच्या उत्पादनासाठी आहेत. परसात भाजीसाठी भरपूर पाला देणारा व उशिरा फुलणारा देशी वाण निवडावा.

हिवाळी पेरणीसाठी चांगले कुजलेले शेणखत मिसळून सपाट वाफा करावा. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून गादीवाफा करावा. ओळींत २० सें. मी. अंतर ठेवून बी सुमारे १ सें. मी. खोल पेरावे. ३ मीटर लांब व १ मीटर रुंद वाफ्यास चहाचे दोन चमचे बी पुरते. सोटमूळ दुखावते म्हणून रोपे उपटून लावू नयेत. सुमारे ४० दिवसांत भाजी काढणीस येते.

बियांसाठी सर्वांत उशिरा फुलणारी, निरोगी व दाट पाल्याची दहा-बारा रोपे खूण करून राखावीत. लवकर फुललेली रोपे फुले उमलण्यापूर्वीच काढावीत. कारण मधमाश्या व इतर कीटकांमुळे परपरागीभवन होते. दाणे तपकिरी होताच छत्रे सकाळी कापून सावलीत वाळवावीत.

हेच दाणे घरोघरी बाळंतशोपा म्हणून वापरले जातात. म्हणून औषध लावलेले विकतचे बियाणे स्वयंपाकघरात मुळीच ठेवू नये व खाण्यास वापरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी राखावयाच्या रोपांना दोरा बांधण्याची रीत प्रत्यक्ष वाफ्यावर दाखवावी. परसातील भाजी बहुधा घरातील स्त्रियाच खुडतात; त्यांना ही खूण समजली, तरच चांगले बी घरात राहील.