पायाच्या शस्त्रक्रियेनंतर तरण्या बैलाची निगा



ट्रॅक्टर कितीही वाढले तरी अडचणीच्या फडातला ऊस बाहेर काढायला अजून बैलगाडीच लागते. गाडीवानाचे खरे भांडवल म्हणजे त्याची बैलजोडी. म्हणून या वेळी बेणे आणि खते बाजूला ठेवून बैलाच्या पायाविषयी चार गोष्टी सांगतो.

काही तरणे बैल चालताना मागचा पाय मध्येच ताठ धरतात, खूर फरफटत नेतात आणि मग झटका देऊन पाय पुढे टाकतात. थंडीत, सकाळी गोठ्यातून बाहेर काढताना हे जास्त दिसते. मागच्या पायाच्या वरच्या सांध्यात गुडघ्याची वाटी असते. तिला धरून ठेवणारा आतल्या बाजूचा पट्टा मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकतो, म्हणून पाय वाकत नाही. डाग देऊन किंवा बिब्बा घालून तो पट्टा सुटत नाही, कातडे तेवढे भाजते. पशुवैद्यक जागा बधिर करून लहानशा छेदातून हा पट्टा कापतात. बहुतेक बैल उठून उभे राहिले की लगेच पाय नीट टाकू लागतात.

आणि इथेच आपली फसगत होते. माझ्या गटातील एका सभासदाच्या चार दाती खिलार बैलावर हंगामाच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया झाली. फडात तोडलेला ऊस पडून होता. "तात्या, गाडी कधी लावताय?" असे मीच विचारले. ते म्हणाले, "साहेब, पाय तर झ्याक टाकतोय. उद्याच जुंपतो की." आठव्या दिवशी बैलाने भरली गाडी ओढली. टाका उसवला, जखमेत पू झाला आणि बैल दीड महिना दावणीला राहिला. जोडीतला दुसराही बसून. उचल मात्र अंगावर राहिली. यात चूक तात्यांची एकट्याची नव्हती, घाई माझीही होती.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१) जागा : गोठ्यात फरशी असेल तर बैल घसरतो. मुरमाच्या कोरड्या जागेवर पाचट किंवा भुसा अंथरा, रोज बदला. इतर जनावरे ढुशी देणार नाहीत असा वेगळा बांधा.

२) जखम : सकाळ-संध्याकाळ पाहा. थोडी सूज येतेच. परंतु सूज वाढली, जागा गरम लागली, पू किंवा घाण वास आला, बैलाने पाय टेकणे वा चारा सोडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. माशी बसू देऊ नका, नाहीतर अळ्या पडतात. हळद, राख, शेण असले काही भरू नका. डॉक्टरांनी दिलेले मलमच लावा.

३) इंजेक्शन : डॉक्टरांनी सांगितलेली सगळी पुरी करा. बैल बरा दिसला म्हणून मध्येच थांबवू नका.

४) फिरवणे : डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट जागेवर, कासरा धरून, दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवा. पळवू नका, चिखलात किंवा चढावर नेऊ नका.

५) चारा : काम बंद असताना पेंड कमी करा, वैरण आणि पाणी भरपूर द्या. नुसत्या वाढ्यांवर ठेवू नका. वाढ्यांतील ऑक्झॅलेटमुळे अंगातला चुना कमी होतो. वाढे चुन्याची निवळी शिंपडून, इतर वैरणीत मिसळून द्या.

६) जुंपणे : टाके निघाले म्हणजे बैल कामाला तयार झाला असे नव्हे. साधारण महिनाभर खांद्यावर जू नको. पुढे डॉक्टरांना विचारून आठवडाभर रिकामी गाडी, मग अर्धे ओझे आणि शेवटी पूर्ण. डांबरी रस्त्यावर नेण्यापूर्वी पत्री मारलेली आहे ना, तेही पाहा.

पाय झटकणारा बैल असेल तर गळिताची वाट पाहू नका. पावसाळ्याआधीच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, म्हणजे विश्रांतीला दिवस मिळतील. आणि हंगामात अशी अडचण आलीच, तर गटातील कर्मचाऱ्याला मोकळेपणाने सांगा, उसासाठी दुसरी गाडी पाहता येईल. ऊस चार दिवस मागे-पुढे होईल, पण एकदा अधू झालेला बैल परत मिळत नाही.

— ऊस विकास अधिकारी