जाहिरातीतली आई आणि आमची आई

जाहिरात म्हणजे आपला माल लोकांना ठाऊक व्हावा व त्यांनी तो विकत घ्यावा म्हणून केलेली चित्रे, बोलणे किंवा गाणे. साबण, मसाला, टूथपेस्ट, मोटारसायकल, विमा अशा पुष्कळ गोष्टींच्या जाहिराती असतात. पूर्वी त्या वर्तमानपत्रात व रेडिओवर येत. आता टीव्हीवर आणि मोबाइलवरही येतात.

बाईंनी आम्हां चौथीच्या मुलांना आठ दिवस जाहिराती पाहून वहीत नोंद करायला सांगितले. मी दोन रकाने पाडले. आईच्या रकान्यात कपडे धुते, भांडी घासते, डबा भरते, लादी पुसते, ताप आला की कपाळावर हात ठेवते असे आले. बाबांच्या रकान्यात गाडी चालवतात, विम्याच्या कागदावर सही करतात, पेपर वाचत चहा पितात असे आले. एक गंमत दिसली. साबण किती चांगला हे सांगायला कधी कधी कोट घातलेला माणूस येतो, आणि भांडी मात्र आईच घासते!

मग मी आमच्या वाडीत पाहिले. आमचे पप्पा मासेमारीला जातात. मासळी किनाऱ्यावर आली की लिलाव होतो. आई मासळी घेऊन बाजारात बसते. गिऱ्हाईक कितीही घासाघीस करू दे, ती बरोबर भाव काढते. पैशांचा हिशोब तीच ठेवते आणि बचत गटाचा हप्तापण तीच भरते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत तर स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. अशी आई माझ्या रकान्यात एकदासुद्धा आली नाही.

पुरुषांचेही तसेच. मोठ्या ट्रॉलरवर खलाशी दोन-तीन दिवस समुद्रात राहतात. तेथे भात आणि माशांची कढी तेच करतात. मी आजीला विचारले तर ती हसून म्हणाली, "मगे होडयेर जेवाण कोण रांधता? बापयेच मा!" पण घरी आल्यावर पप्पा पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घेतात. (हे लिहायला पप्पांनी परवानगी दिली आहे.)

बाईंनी विचारले, जाहिरात पाहून काय बिघडते? मला वाटते, रोज तेच तेच पाहून ते खरे वाटू लागते. आमच्या वर्गात झाडू मुली मारतात आणि पाण्याची बादली मुलगे आणतात. असे कोणी सांगितलेले नाही, तरी तसेच होते. मागे एका मुलाने झाडू घेतला तर बाकीचे मुलगे त्याला बायल्या म्हणून चिडवू लागले. त्याने झाडू टाकून दिला. तो झाडत चांगला होता.

दुसरी गोष्ट रंगाची. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम आपल्या देशात 1975 साली आले. त्याच्या जुन्या जाहिरातींत मुलगी गोरी झाली की तिला नोकरी मिळे किंवा तिचे लग्न ठरे. 2020 साली त्याचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. पण लोकांच्या डोक्यातून गोरेपण गेलेले नाही. माझी ताई आईबरोबर बाजारात बसते. तिला पावण्यांतले कोणीतरी म्हणतेच, उन्हात काळी पडलीस, आता स्थळ कसे येणार? पप्पा तिच्यापेक्षा काळे आहेत, पण त्यांना कोणी असे म्हणत नाही. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे द्रव्य असते. ऊन लागले की ते वाढते आणि उन्हापासून आपले रक्षण करते. म्हणजे ताईचा रंग तिच्या कामाचाच आहे. हे मी तिला सांगितले, तर ती म्हणाली, "ह्या त्या पावण्यांका सांग."

जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एक संस्था मुंबईत आहे. तिचे नाव भारतीय जाहिरात मानक परिषद. ती 1985 साली स्थापन झाली. जून 2022 मध्ये तिने स्त्री-पुरुषांबद्दल नियम काढले. बाई घर साफ करताना दाखवली तर चालते, पण हे काम फक्त बायकांचेच असे भासवायचे नाही. आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाला हसायचे नाही. वाईट जाहिरात दिसली तर कोणीही तिच्याकडे तक्रार करू शकतो. हा दुसरा नियम आमच्या वर्गालाही लागू करावा, असे मी बाईंना सुचवले आहे.

थोडे बदलही होत आहेत. 2015 साली एरियल साबणाच्या पावडरीने कपडे धुणे हे काय एकट्या बाईचेच काम, असा प्रश्न जाहिरातीतूनच विचारला. त्यांना पावडर विकायचीच होती, तरी प्रश्न चांगला होता. आपल्या बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली नवीन चित्रे आली, त्यांत आई आणि बाबा दोघेही भाजी साफ करतात.

आम्ही चौघांनी मिळून मालवणी मसाल्याची एक जाहिरात तयार केली आहे. ती या लेखाच्या उजवीकडे चिकटवली आहे. त्यात खलाशी चुलीवर कढी ढवळतो आहे आणि मसाल्याचा भाव बाई सांगते आहे. टोप होडीपेक्षा मोठा झाला आहे, पण रंग संपल्यामुळे तसाच ठेवला. खाली दोन रकाने कोरे सोडले आहेत. पाहायला येणाऱ्या आयांनी आणि बाबांनी, काल आपण घरात कोणते काम केले ते आपापल्या रकान्यात लिहावे. पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे.