आजाराने उचल खाल्ली, हे कसे विचारावे?



अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या दाहाचे दोन जुनाट आजार. औषधाने ते दबतात, रुग्ण महिनोन्‌महिने बरा असतो आणि मग आजार पुन्हा उचल खातो. हे लवकर कळले तर बहुधा औषधात बदल करून भागते. उशीर झाला तर दवाखान्यात भरती, रक्त चढवणे, प्रसंगी मोठे आतडे काढण्यापर्यंत वेळ येते. पाड्यावर दर महिन्याला डॉक्टर येत नाही. तेथे कार्यकर्त्याच्या हातात नेमके, मोजके प्रश्न हवेत.

ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली कोलायटिसची तीव्रता ठरवण्याचे निकष मांडले. त्यांत जुलाब व रक्त यांबरोबर ताप, नाडी आणि रक्ततपासणीही होती. क्रोन्ससाठी १९८० साली आलेल्या हार्वे-ब्रॅडशॉ निर्देशांकात पाचच बाबी आहेत. पण पोटात गोळा लागतो का, ही त्यांतली एक, आणि तिला डॉक्टरचा हात लागतो. १९९८ साली कोलायटिससाठी एक सोपी मोजणी आली, तिला रक्ततपासणी लागत नाही. दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा, घाई लागते का, रक्त पडते का, एकंदर कसे वाटते आणि सांधे, डोळे, त्वचा यांचा काही त्रास आहे का, एवढेच त्यात पाहतात. नेदरलँड्समध्ये ९०९ रुग्णांना घरून ठरावीक प्रश्नांची उत्तरे देण्याची सोय करून दिली, तेव्हा दवाखान्याच्या फेऱ्या आणि भरती दोन्ही कमी झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

मग हेच प्रश्न मराठीत उतरवून वाटावेत का? माझ्या मते नाही.

रात्रीचाच प्रश्न घ्या. ‘रात्री किती वेळा उठता?’ असे विचारले तर पाड्यावरची बाई ‘एकदाही नाही’ म्हणेल. अंधारात बाहेर जायची भीती असते, म्हणून ती पोट आवळून पहाटेपर्यंत पडून राहते. ‘पोटामुळे झोपमोड झाली का?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळेल. रक्ताचेही तसेच. शेताच्या कडेला पहाटे परसाकडे बसणाऱ्याला रक्त दिसतच नाही. ‘उजेडात पाहिले का?’ हे आधी विचारावे लागते. आकडाही फसवा असतो. एकाला दिवसातून तीन वेळा जाणे नेहमीचे, दुसऱ्याला तेच आजाराचे लक्षण. म्हणून ‘तुमच्या नेहमीपेक्षा जास्त का?’ हा शब्द सोडू नये. काळही ठरवून द्यावा. गेल्या आठवड्याचे आठवते, गेल्या तीन महिन्यांचे नाही. आणि गोळ्या किती दिवस चुकल्या, हे जरूर विचारावे. मजुरीसाठी स्थलांतर झाले की गोळ्या मागे राहतात. (सुनेला हे सारे सासऱ्यासमोर विचारू नये, हे सांगायला नको.)

प्रश्न लिहून झाले की चार-पाच रुग्णांना वाचून दाखवावेत आणि ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे. ‘आव’, ‘जुलाब’, ‘पातळ’ हे शब्द आपल्याला एक वाटतात, ऐकणाऱ्याला वेगळे. जेथे भिली बोलतात तेथे शब्द त्यांच्याकडूनच घ्यावा. नंतर काही रुग्णांची उत्तरे डॉक्टरांच्या मदतीने विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिनच्या तपासणीशी ताडून पाहावीत. क्रोन्समध्ये तर हे फार गरजेचे, कारण तेथे लक्षणे कमी असूनही आत दाह चालू असू शकतो. कोणता प्रश्न आजार हेरतो आणि कोणता उगाच घाबरवतो, हे त्यातूनच कळते.

ही यादी निदान झालेल्या रुग्णासाठीच आहे. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो आणि अमिबाची रक्ती आव कोलायटिससारखी. अशा रुग्णाला यादीवरून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर जिवावर बेतू शकते.

कागदाच्या तळाशी डॉक्टरांचा फोन आणि गाडी कोणाची मिळेल ते लिहून ठेवावे. दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब होत असतील आणि अंगात ताप असेल, तर पुढचे प्रश्न विचारत बसू नये. रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.