फुकटच्या सहलीचा हिशेब



गाळप हंगाम सरत येतो, उसाचे बिल खात्यावर जमा होते, आणि शहरातून फोन यायला लागतात. "अभिनंदन! सोडतीत आपला नंबर लागला. गोवा, तीन रात्री चार दिवस, जोडप्याला मोफत." यांना नंबर कुठून मिळाला म्हणाल, तर प्रदर्शनात किंवा पेट्रोल पंपावर आपणच कधीतरी चिठ्ठी भरून डब्यात टाकलेली असते.

असे फोन करणारे दोन प्रकारचे. पहिला निव्वळ चोर. नोंदणी फी म्हणून, जीएसटी म्हणून कुणातरी माणसाच्या नावावर थोडे पैसे मागवतो, ते मिळाले की आणखी मागतो. पैसे किंवा बक्षीस घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी याच्या हाती फारसे लागत नाही.

दुसरा प्रकार अवघड, कारण त्याचे कार्यालय असते, छापील करार असतो. त्याला सहल द्यायची नसते, दहा-वीस वर्षांचे सुट्टीचे सभासदत्व विकायचे असते. "नवरा-बायको दोघांनी या" असा आग्रह का, याचा विचार करा. "घरी विचारून सांगतो" म्हणायची वाटच बंद व्हावी म्हणून! हॉटेलात एक तास म्हणून बसवतात, तीन तास सोडत नाहीत. चहा, गाणी, मध्येच कुणी सही केली की टाळ्या. शेवटी लाखांचा आकडा सांगून म्हणतात, "आजच सही केली तर निम्म्यात, उरलेल्याचे हप्ते करू." हे हप्ते म्हणजे बऱ्याचदा आपल्या नावावरचे कर्जच असते.

मोफत कूपनही नीट वाचावे. प्रवास, जेवण, कर आपला. दिवाळी आणि मे महिना वगळून. खोली शिल्लक असेल तर. सभासदत्व घेतले तर देखभाल खर्च दरवर्षी, गेलात काय नि न गेलात काय. ज्याची तोड कधी येईल हे त्यालाच ठाऊक नसते, त्याने वीस वर्षांच्या सुट्ट्या आज कशाला विकत घ्याव्यात?

काट्यावरून गाडी उतरली की वजनाची पावती घेतल्याशिवाय आपण हलत नाही. इथेही तसेच करा. तोंडी सांगितलेले सगळे कागदावर मागा, कराराची प्रत घरी न्या, शिकलेल्या मुलाला-मुलीला वाचायला द्या. प्रत द्यायला नकार दिला तर उठून या. कार्ड "नुसते बघायला" देऊ नका.

यात्रेकरूंनाही सांगायचे आहे. चारधामच्या खोट्या बुकिंगबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे तिकीट आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा संकेतस्थळावरच काढावे, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एजंटाकडून नको.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. चोरीचा प्रकार असेल तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पळतात. कंपनीशी वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. करारात "न्यायक्षेत्र दिल्ली" छापले असले तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून पावत्या आणि मेसेज जपून ठेवा.